कोपरा चावलेलं कार्ड

१

"तुमची गोष्ट आमच्याकडे आधीच आली आहे."

वाचकबाई हे इतक्या हळू बोलल्या, की घड्याळबाईला क्षणभर ती स्तुतीच वाटली. मग तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि खुर्चीच्या कडेवर सरकून बसली.

"आधी म्हणजे?"

"तुमच्या नऊ दिवस आधी. दुसऱ्याच्या नावानं."

चित्रपट काढणाऱ्या त्या ऑफिसातली ही सगळ्यात लहान खोली. तीन भिंतींना रबर लावलेल्या पटकथांचे ढीग, आणि चौथीला खिडकी. आलेली प्रत्येक पटकथा वाचायची आणि निर्मात्या मॅडमसाठी अर्ध्या पानाचं मत लिहायचं, हे वाचकबाईंचं काम. पंधरा वर्षं त्या तेवढंच करत होत्या, आणि त्यांच्या चष्म्याची काच त्याची साक्ष देत होती.

"कोण आहे तो?"

"नाव सांगता येत नाही. आणि मॅडमचा नियम असा, की एकच गोष्ट दोघांकडून आली तर दोघांनाही नकार. भांडणाची गोष्ट त्या हातात धरत नाहीत. शुक्रवारी चारला त्यांच्यापुढे फाइल जाते. आज बुधवार." वाचकबाईंनी चष्मा काढून पुसला. "खरं सांगू? नकाराचं मला एवढं वाटत नाही. पण उचलेगिरीचा बोभाटा झाला, की पुढच्या ऑफिसात माणसाच्या आधी त्याचं नाव पोचतं."

'घड्याळबाई' हे नाव तिला पटकथेच्या वर्गात पडलं होतं. घरी आठ महिन्यांची मुलगी, वर्ग दोन तासांचा, आणि दर दहा मिनिटांनी हिची नजर मनगटावर. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी म्हणालं, आणि ते चिकटलं. नोकरीतली बिनपगारी रजा संपायला दोन महिने उरले होते. नवऱ्याशी बोली झाली होती: एक पटकथा. विकली गेली तर पुढची लिहायची, नाही तर गुपचूप कामावर हजर व्हायचं. बोली तिनंच केली होती, म्हणून मोडायचीही सोय नव्हती.

गोष्ट शाळेची व्हॅन चालवणाऱ्या एका बाईची होती. तिचे कान हळूहळू जातात, नोकरी जाईल म्हणून ती ते लपवते, आणि व्हॅनमधली मुलंच तिचे कान होतात. ही गोष्ट दुसऱ्या कुणाला सुचली असेल हे शक्य होतं. पण वाचकबाई म्हणाल्या, "मनगटाला बांधायची लाल फीतसुद्धा आहे त्यात," आणि ती शक्यता तिथंच संपली.

वाचकबाई उठल्या. एक निळी फाइल त्यांनी टेबलावर ठेवली, वरचं नावाचं पान काढून पर्समध्ये टाकलं.

"मी चहा घेऊन येते. मला वीस मिनिटं लागतात. फाइल उघडी टाकून जायची वाईट सवय आहे मला."

२

आत पूर्ण पटकथा नव्हती. सीनवार आराखडा होता, सीनमागे तीन-चार ओळी. शेवटी लिहिलेलं: 'पसंत पडल्यास पूर्ण पटकथा महिन्याभरात देईन.'

पहिला सीन तिचा. दुसरा तिचा. व्हॅनचं दार ओढून लावल्यावर बाई त्यावर दोनदा थाप मारते, तेसुद्धा. घड्याळबाईला स्वतःच्या घरात परक्यानं कपाट आवरून ठेवल्यासारखं वाटलं. सगळं आपलंच, पण घड्या दुसऱ्याच्या.

तिसाव्या सीनच्या आसपास ती थबकली.

तिच्या पटकथेत आधी व्हॅनमधल्या सगळ्यात धाकट्या मुलीला कळतं, की गाडी चालवणाऱ्या ताईला हॉर्न ऐकू येत नाही. आणि मग मुलं ताईच्या मनगटाला लाल फीत बांधतात, मागून हॉर्न वाजला की ओढायची. इथं उलटं होतं. फीत आधी बांधली होती, आणि कळत होतं चार सीन नंतर. मग कळायच्या आधी बांधली कशाला? लिहिणाऱ्यालाही ते खटकलं असावं, कारण त्यानं नवीन ठिगळ लावलं होतं: फीत हा मुलांचा पहिल्यापासूनचा खेळच असतो, ताईला घोडा करायचा खेळ. पुढं तोच खेळ उपयोगी पडतो.

ठिगळ बरं होतं. बरं कसलं, चांगलंच होतं. त्याचा तिला जास्त राग आला.

तिनं पानं मोजली, सीन मोजले. साठ. तिचे एकसष्ट होते. कोणता गळला हे शोधायला वेळ लागला नाही: रेडिओचा. रविवारी सकाळी ताई व्हॅन धुते आहे, रेडिओ मोठ्यानं लावलेला आहे, ती मान डोलावते आहे, आणि रेडिओवर स्टेशन लागलेलंच नाही, नुसती खरखर चालू आहे. तिच्या मते अख्ख्या सिनेमातला सगळ्यात चांगला सीन तो. चोरणाऱ्यानं नेमका तोच सोडला होता.

फीत आधी, कळणं नंतर, आणि रेडिओ गायब.

हा क्रम तिनं कधी लिहिला नव्हता. पण पाहिला होता. घरी, स्वतःच्या भिंतीवर, चार दिवस.

३

सरांच्या वर्गातला पहिला धडा असा: एक सीन, एक कार्ड. कार्डं दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी टांगायची, आणि पटकथा विकली जाईपर्यंत त्यांवर नंबर घालायचा नाही. नंबर घातला की माणूस कार्ड हलवायला घाबरतो, असं सर म्हणत. त्यामुळे घड्याळबाईच्या बाहेरच्या खोलीत पाच दोऱ्यांवर एकसष्ट बिननंबरी कार्डं वाळत होती. नवरा म्हणायचा, आपल्याकडे धुणं कमी आणि कथा जास्त.

दीड महिन्यापूर्वी एका सोमवारी लेक नुकती धरून उभी राहायला शिकली होती. तिनं जे धरलं, ती खालची दोरी होती.

"वहिनी, तू आंघोळीला गेली होतीस, मी दोन मिनिटं फोनवर बोलले," नणंद आज आठवून म्हणाली. ती हाकेच्या अंतरावर राहायची आणि संध्याकाळी भाचीला सांभाळायला यायची. "पंधरा-वीस कार्डं खाली. एक ही चघळत होती, ते मी तोंडातून काढून वॉशिंग मशीनवर वाळत ठेवलं. मग मला आठवेल तशी लावली. तुला सांगितलं होतं मी."

"सांगितलं होतंस. पण त्याच संध्याकाळी हिला ताप भरला."

"मग भिंतीकडे बघायला वेळ होता कुणाला?"

घड्याळबाईनं कपाटातून वही काढली. लेकीच्या तापाची वही. काळजीनं झोप उडालेली बाई जे जे करते ते सगळं तिनं केलं होतं: दर दोन तासांनी ताप, औषध, किती प्यायली, कोण आलं, कुणी हात न धुता उचललं. नवरा त्या वहीला 'पोलिस डायरी' म्हणायचा. आज मात्र तो खाली बसून तिच्या खांद्यावरून वाचू लागला.

सोम. ५.१०: दोरी ओढली. ९.००: १०१.
मंगळ. ११.३०: १०१.४. सर आले, बाराला गेले. हात धुतले.
बुध. ८.००: १००. वॉशिंग मशीनमागे एक कार्ड सापडलं.
बुध. ४.१५: वर्गातला फ्लॅशबॅक आला, संत्री घेऊन. हात धुतले नाहीत.
गुरु. ७.००: ताप नाही.

"कार्ड मला सापडलं होतं," नवरा म्हणाला. "कोपरा चावलेला. कुठं लावायचं ते कळेना, म्हणून दोरीच्या शेवटी लावून टाकलं."

"रेडिओचं."

"हो. आणि गुरुवारी ताप उतरल्यावर तू सगळी भिंत पुन्हा लावलीस."

म्हणजे उलटा क्रम सोमवार संध्याकाळ ते गुरुवार सकाळ. घड्याळबाईनं नणंदेकडे पाहिलं. बघावं लागलंच. चार दिवस घरात ये-जा करणारी एकटी तीच.

"माझ्याकडे काय बघतेस? मी माझ्या ऑफिसात सगळ्यांना सांगितलं हे कबूल. तुझं कौतुक केलं, हा गुन्हा असेल तर घाल आत."

"काय सांगितलंस?"

"ते व्हॅन धुण्याचं. तू रविवारी लिहून झाल्या झाल्या मला फोनवर वाचून दाखवलं होतंस ना? रेडिओ नुसता खरखरतोय आणि ती मान डोलावतेय. मी सांगताना दोघीजणी रडल्या. बाकीची गोष्ट मला धड सांगता येत नाही, म्हणून तेवढंच सांगते." ती थांबली. "का गं? रडतेस की हसतेस?"

नणंदेकडून गोष्ट फुटली असती तर साठ सीन गळले असते आणि रेडिओचा राहिला असता.

राहिले वहीतले दोघं. आणि त्यातला एक, वाचकबाईंच्या टेबलावरच्या नोंदवहीत घड्याळबाईनं उलट्या बाजूनं वाचलं होतं, महिन्याभरापूर्वी त्या ऑफिसात येऊन गेला होता.

४

फ्लॅशबॅक दिवसा सोफे विकायचा. वर्गात त्याच्या प्रत्येक गोष्टीत तीन माणसं बोलता बोलता भूतकाळात जात, म्हणून हे नाव. गुरुवारी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. प्लास्टिक न काढलेल्या एका सोफ्यावर दोघं बसले. हलले की चर्र आवाज व्हायचा.

"त्या ऑफिसात गेला होतास?"

"गेलो होतो." त्याचे कान लाल झाले. "कुणी सांगितलं?"

"काय द्यायला?"

"माझी पटकथा. नाकारली त्यांनी. वाचकबाईंनी लिहिलं, वर्तमानकाळ सापडला तर परत या." तो चपलेकडे बघत म्हणाला, "तुला सांगणार होतो, पण आधी विकली जाऊ दे म्हटलं. सगळ्यांच्या आधी हरायचं होतं, ते जमलं."

तिला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. पण आधी विचारायचं होतं ते विचारलं. त्या बुधवारी, संत्री आणलीस तेव्हा, भिंत पाहिलीस का?

"पाहिली म्हणजे? तुला बोललोसुद्धा. 'घड्याळबाई, फीत आधी बांधली आणि कळलं नंतर, मुलं काय ज्योतिषी आहेत का?' तू म्हणालीस, हो हो, तो तापमापक दे."

तिला आठवत नव्हतं. पण तापमापक मागितला असणार, हे तिला पटलं.

"आणि ते शेवटचं कार्ड," फ्लॅशबॅक म्हणाला. "रेडिओचं. म्हटलं, एवढा सीन शेवटी का टांगलाय? घरी जाऊन माझ्या पटकथेत तसला एखादा घालता येतो का बघितलं. प्रामाणिकपणे सांगतो, चोरावासा वाटला. पण माझ्या गोष्टीत कुणी गाडी धूत नाही."

चर्र आवाज करत ती उठली.

हा रेडिओ सोडणारा माणूस नव्हता. शिवाय चूक यानं दिसल्याबरोबर दाखवली होती. भिंत उलटी असताना आणि रेडिओ वॉशिंग मशीनमागे असताना ज्यानं ती पाहिली, असा एकच माणूस उरत होता. त्या मंगळवारी, साडेअकरा ते बारा.

आणि तेच अशक्य होतं. सर कुणाच्याही कार्डांपुढे पेन्सिल घेऊन उभे राहत, आणि पाच मिनिटांत अर्धी कार्डं जमिनीवर असत. जी चूक सोफे विकणाऱ्याला दिसली, ती सरांना दिसली नाही?

बसस्टॉपवर उभ्या उभ्या तिला तो मंगळवार जसाच्या तसा दिसला. लेक खांद्यावर, अंगाची भट्टी झालेली. सर भिंतीपुढे, हात मागे बांधलेले. बराच वेळ. मग वळून म्हणाले, "छान आहे. हात लावू नकोस."

सरांनी वर्गात कुणालाही 'छान' म्हटल्याचं तिनं ऐकलं नव्हतं. त्या दोन शब्दांवर तिनं तीन आठवडे काढले होते. लेक झोपली की पळत जाऊन टाइप करायला बसायची, आणि दमली की ते आठवायची.

सरांनी त्या दिवशी एकही कार्ड हलवलं नव्हतं. पेन्सिल खिशातून बाहेरच आली नव्हती. शिकवायला आलेला माणूस असं उभा राहत नाही. असा उभा राहतो तो पाठ करणारा.

बस आली आणि गेली. ती तिथंच उभी होती.

५

वर्ग वाद्यांच्या दुकानावरच्या खोलीत भरायचा. खाली कुणीतरी तुतारीसारखं काही फुंकून बघत होतं, पण सूर लागत नव्हता. सर खिडकीशी बसून पेन्सिलीला टोक करत होते.

"घड्याळबाई. आज तर वर्ग नाही."

"नाही. सर, मुलगी आजारी होती त्या मंगळवारी तुम्ही घरी आला होतात ना, तेव्हा माझी कार्डं चुकीच्या क्रमानं लागली होती."

पेन्सिलीची साल तुटली.

"फीत आधी होती. तुम्ही तशीच घेतलीत आणि घोड्याचा खेळ घालून सांधलीत. रेडिओचा सीन तुमच्या आराखड्यात नाही, कारण तो त्या दिवशी भिंतीवरच नव्हता." ती समोरच्या खुर्चीत बसली. "उद्या चारला दोघांनाही नकार येणार आहे. दोघांनाही, सर."

सरांनी पेन्सिल टेबलावर ठेवली. नाकारलं असतं तर तिला सोपं गेलं असतं.

"अकरा वर्षं झाली माझी शेवटची पटकथा विकून," ते म्हणाले. "तू हे जाणतेस. सगळा वर्ग जाणतो, फक्त माझ्यासमोर बोलत नाही. त्या दिवशी मी खरंच मुलीची चौकशी करायला आलो होतो. भिंत बघितली. आणि वाटलं, ही इथंच राहणार."

"काय इथंच राहणार?"

"गोष्ट. भिंतीवर. या खोलीतून तीनशे माणसं गेली. पटकथा पूर्ण केलेली सात. त्यात घरी तान्हं मूल असलेली एकही नाही. मी स्वतःला सांगितलं, ही काही लिहून पूर्ण करत नाही, उद्या कार्डं गोळा करून माळ्यावर टाकेल. मी घेतली तर निदान गोष्ट तरी जगेल." ते कडवट हसले. "स्वतःला सांगायला गोष्टी मला अजून छान सुचतात."

"तीन आठवड्यांत पूर्ण केली, सर."

"मला सांगितलं नाहीस."

"विकली गेली की बांधून आणून दाखवणार होते. तुम्ही छान म्हणाला होतात म्हणून."

खालची तुतारी थांबली. घड्याळबाईनं पिशवीतून एक कार्ड काढून टेबलावर ठेवलं. वरचा उजवा कोपरा नव्हता; तिथं चार बारीक दातांची महिरप होती. सरांनी चष्मा लावला. एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. हात सवयीनं पेन्सिलीकडे गेला आणि तसाच परत आला.

"हे त्या दिवशी तिथं असतं," सर म्हणाले, "तर मी काही नेलं नसतं."

"का?"

"हे लिहिणारी बाई पूर्ण करणारच, हे मला कळलं असतं."

ती उठली. दारापर्यंत गेली आणि वळली. हे विचारायला नको होतं, पण विचारल्याशिवाय तिला जिना उतरता आला नसता.

"ते 'छान' खोटं होतं का?"

"नाही," सर म्हणाले. "त्या अर्ध्या तासात मी तेवढंच खरं बोललो."

६

शुक्रवारी साडेतीनला ती ऑफिसात पोचली, कडेवर लेक, कारण नणंदेला यायला उशीर झाला होता. वाचकबाईंच्या टेबलावर निळी फाइल नव्हती.

"सकाळी दहाला स्वतः येऊन परत घेऊन गेले," वाचकबाई म्हणाल्या. "एक चिठ्ठी ठेवली. 'गोष्ट माझ्या विद्यार्थिनीची आहे. माझी नाही.' खाली सही. त्यांना हे लिहायला किती वेळ लागला ते मी बघितलंय. मी नुसतं पाणी दिलं."

घड्याळबाईला वाटलं होतं तसं जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. तिनं लेकीच्या तोंडातून पिशवीचा बंद काढला.

मॅडम चार वाजून दहा मिनिटांनी आल्या. त्यांनी पटकथा वाचली होती, चिठ्ठीही वाचली होती. रेडिओच्या पानाला खूण घातलेली होती.

"घेतली," त्या म्हणाल्या. "एकच गोष्ट. त्या दुसऱ्या आराखड्यात फितीचा घोड्याचा खेळ होता. तो आपण घालू. फीत पहिल्यापासून खेळात असली की पुढं ती जास्त लागते."

घड्याळबाईनं मनगटाकडे पाहिलं. घड्याळ घालायला ती आज विसरली होती.

"ते खरं आहे," ती म्हणाली. "पण ते माझं नाही. तुम्हाला त्यांना विचारावं लागेल, आणि पडद्यावर त्यांचं नाव घालावं लागेल."

मॅडमनी वाचकबाईंकडे पाहिलं. "पहिलीच पटकथा ना हिची?"

"पहिलीच."

"दुसरीला फार त्रास देणार ही," मॅडम म्हणाल्या आणि पेनचं टोपण काढलं.

संध्याकाळी नवऱ्यानं लेकीला उचलून धरलं, आणि घड्याळबाईनं दोऱ्यांवरची कार्डं एकेक करून उतरवली. विकली गेली की नंबर घालायचा. वरच्या उजव्या कोपऱ्यात, ठळक, सर सांगायचे तसा. एक, दोन, तीन. ज्या जागी फीत पहिल्यांदा येते तिथं तिनं एक कोरं कार्ड घातलं, 'घोड्याचा खेळ' असं लिहिलं, आणि खाली कंसात 'सरांचा'. त्यालाही नंबर दिला.

रेडिओच्या कार्डाशी ती थांबली. नंबर घालायचा तो कोपरा लेकीच्या पोटात गेला होता.

तिनं नंबर मधोमध घातला.